दातांचं पाखरू घेऊन लातूरला

परत आल्यापासून जो तो विचारतो, "नांदेड-लातूरकडे काय काय पाहिलंस?" खरं सांगायचं तर मी पाहायला गेलेच नव्हते. दाखवायला गेले होते, आणि तेही ज्यांना दिसत नाही अशा मुलांना.

मी सावंतवाडीची. आमच्याकडे सासऱ्यांच्या वेळेपासून लाकडी फळं करतात. पांगाऱ्याच्या लाकडाची केळी, सीताफळं, कारली. मी त्याच लाकडातून नाहीशा झालेल्या प्राण्यांच्या प्रतिकृती करायला लागले. शाळा आणि संग्रहालयं मागवतात, त्यावर माझं बरं चाललं आहे. गेल्या उन्हाळ्यात एक फोन आला.

"ताई, मी मिलिंद गायकवाड, लातूरहून. अंध मुलांच्या निवासी शाळेत विज्ञान शिकवतो. तुम्ही आर्किऑप्टेरिक्स करता का?"

पक्षी हा प्रकार पृथ्वीवर नुकताच सुरू होत होता, त्या काळातलं हे पाखरू. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचं. डायनोसॉर फिरत होते तेव्हाचं. जर्मनीतल्या चुनखडीच्या खाणींत त्याचे ठसे सापडले. आकाराने साधारण कावळ्याएवढं, अंगावर आजच्या पाखरांसारखी पिसं; पण तोंडात बारीक दात, पंखावर नखं असलेली तीन बोटं आणि सरड्यासारखी लांब हाडांची शेपटी. याचं चित्र कुठे ना कुठे सगळ्यांनीच पाहिलेलं असतं.

"करता येईल," मी म्हटलं. "भिंतीवर लावायचं की काचेच्या पेटीत ठेवायचं?"

"हातात द्यायचं," तो म्हणाला. "मला स्वतःला दिसत नाही, ताई. माझ्या मुलांनाही नाही. शाळेत असताना गुरुजी म्हणायचे, आता सर्वांनी चित्र पाहा. सगळा वर्ग चित्र पाहायचा आणि मी बसून राहायचो. तेव्हापासून डोक्यात आहे, ते नक्की होतं तरी कसं?"

अख्खा पावसाळा मी त्या पाखरात घालवला. आमच्या दमट हवेत डिंक वाळता वाळत नाही, एकेक पीस लावून दोन दोन दिवस वाट पाहायची. सुरमईचे काटे घासून दात केले, करवंटी घासून नखं. शेपटीसाठी लाकडाचे मणके कातून तारेत ओवले. पाहण्याची वस्तू करताना मागची बाजू कशीही असली तरी चालते. इथे मागची बाजू नव्हतीच. पोटाखाली, पंखाच्या आत, टाळूला, सगळीकडे बोट जाणार होतं.

नांदेड

डिसेंबरात नांदेड स्टेशनवर उतरले. पाखरू हापूसच्या लाकडी पेटीत, गवतात बसवलेलं. न्यायला मिलिंदची मोठी बहीण संघमित्रा आली होती. ती मुखेडच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. फोनवर बोलणं झालेलं, त्यामुळे ओळख करून घ्यायला वेळ लागला नाही. तिने मला पाहिल्याबरोबर पेटी माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या बाळासारखी छातीशी धरली.

स्टेशनजवळ तिने मला सुशीला खायला घातला. नाव ऐकून मी कुण्या बाईची वाट पाहत होते. आली ती भिजवलेल्या चुरमुऱ्यांची फोडणी दिलेली बशी, वर शेंगदाण्याचं कूट. आमच्याकडे असल्या पदार्थावर ओलं खोबरं पडल्याशिवाय कुणी चमचा उचलणार नाही. इथे खोबऱ्याची आठवणही झाली नाही.

बशी रिकामी झाल्यावर संघमित्रा म्हणाली, "ताई, लातूरच्या आधी एक काम आहे. आपल्याला बिलोलीकडे जावं लागेल."

मिलिंदच्या शाळेत राधिका नावाची मुलगी होती, यंदा दहावीला. तिला अकरावीला सायन्स घ्यायचं होतं. दहावीनंतर जवळजवळ सगळी अंध मुलं आर्ट्सला जातात; सायन्स ती कसं करतील, असं म्हणून त्यांना कुणी विचारतही नाही. मिलिंदने राधिकासाठी एक कॉलेज कसंबसं राजी केलं होतं. पण तिचे वडील तयार नव्हते.

"मिलिंद फोनवर बोलला त्यांच्याशी, तर म्हणाले, तुम्हाला लेकरू न्हाई, तुम्हाला न्हाई कळायचं," संघमित्रा म्हणाली. "त्या दिवशी तो जेवला नाही. म्हणून म्हटलं, आपण जाऊन बोलावं. निदान मुलं पाखरू हाताळतील तेव्हा त्यांनी तिथं असावं."

बिलोलीच्या अलीकडे

गाव रस्त्यापासून आत होतं. दोन्ही बाजूंना तुरी काढणीला आलेल्या, काळ्या जमिनीवर पिवळट वाळलेल्या रांगा. आमच्या तांबड्या मातीच्या सवयीच्या डोळ्यांना ही काळी जमीन ओली असावी असंच सारखं वाटायचं, आणि पाय टाकला की धूळ उडायची. ही काळी माती लाव्हारसाच्या खडकातली. माझ्या पेटीतलं पाखरू उडत होतं तेव्हा इथे हा खडकही नव्हता, तो नंतर आला. संघमित्राला हे म्हटलं तर म्हणाली, "आता वर्गात मीही हेच सांगणार."

मारोतराव म्हणजे राधिकाचे वडील गिरणी चालवतात. आम्ही पोचलो तेव्हा गिरणी सुरू होती आणि बोलणं अशक्य होतं. ते पांढऱ्या भुवयांनी उभे होते, पिठाने पांढऱ्या झालेल्या. दळण संपेपर्यंत त्यांनी आमच्याकडे एकदा मान हलवली तेवढीच. पीठ पडत होतं त्याखाली हात धरून, दुसरीकडेच पाहत, अंगठ्याने ते चोळत होते.

गिरणी थांबल्यावर म्हणाले, "या. बसा. जेवल्याबिगर बोलणं न्हाई."

घर गिरणीला लागूनच. राधिकाच्या आईने, मंदाबाईंनी, ज्वारीच्या भाकरी आणि येसराची आमटी वाढली. भाजून दळलेल्या धान्याचा हा मसाला मी पहिल्यांदाच खाल्ला. दाट, तिखट, आणि पोटात जाऊन बसणारी आमटी. सोबत जवसाची चटणी, तिच्यात कच्चं तेल. मी भाताची वाट पाहत होते हे मंदाबाईंच्या लक्षात आलं. "भात टाकू का वो?" त्यांनी विचारलं आणि मला लाज वाटली.

जेवणं झाली तशी संघमित्राने विषय काढला. मारोतरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्याडम, मी पोरीच्या शिक्षणाच्या इरोधात न्हाई," ते माझ्याकडे पाहून म्हणाले. "सहा वर्साची व्हती तवा लातूरला ठिवली. गाव नावं ठिवत व्हतं, आंधळं लेकरू लांब टाकलं म्हणून. ठिवली का न्हाई? पण सायन्स म्हंजी आग, ॲसिड, काचा. मी शाळंत बघितलंय. चार वर्साची व्हती तवा हिनं चुलीत हात घातला. का, तर जाळ कसा असतो ते बघायचं व्हतं. मी घरातच व्हतो. हितंच, ह्या भिंतीपलीकडं. गिरणीच्या आवाजात मला तिचं वरडणं ऐकू आलं न्हाई."

त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

"आता आर्ट्स करंल, डीएड करंल, मास्तरीण होईल. त्यात वाईट काय हाय?"

"तिला इचारा की," मंदाबाई आतून म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता.

"इचारून काय? ती हावच म्हणणार."

मी पेटी उघडली. मारोतराव नको नको म्हणत वाकले. बराच वेळ पाहत राहिले. मग बोट पुढे केलं आणि न लावताच मागे घेतलं.

"ह्याला दात कशापायी?"

"तेव्हाच्या पाखरांना असायचे. बहुतेक किडे, लहानसहान प्राणी पकडत असेल."

"आन् मग गेले कुठं दात?"

"हळूहळू गेले. लाखो पिढ्यांत."

ते उठले. "शनिवारी लातूरला येणारच हाय मी, गिरणीचा पट्टा आणायला. शाळंत यीन. पण माझं ठरलंय, म्याडम. तुम्ही एवढ्या लांबून आल्या म्हणून सांगून ठिवतो, मागाहून वाईट वाटू नये."

त्यांच्यावर राग धरावा असं मला काही सापडलं नाही. बसमध्ये संघमित्रा म्हणाली, "मलाही सापडत नाही. तीच तर पंचाईत आहे."

मुखेडच्या वाटेवर

त्याच बसमध्ये अपघात झाला. बसला नव्हे, पाखराला.

एस.टी. खच्चून भरलेली, पेटी माझ्या मांडीवर. समोरच्या म्हातारबाबांनी वरच्या फळीवर एक पोतं ठेवलं होतं. एका गावाबाहेर गतिरोधकावर बस उसळली आणि पोतं थेट पेटीवर आलं. पेटीची वरची फळी मोडली. आतून जो आवाज आला तो मी लगेच ओळखला. मणक्यांची तार तुटली होती.

झाकण काढलं. शेपटी अर्ध्यातून मोडलेली, काही मणके फुटलेले, डाव्या पंखाची पिसं मुडपलेली. पावसाळाभराचं काम. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

म्हातारबाबा वळून पाहत होते. त्यांना ते काळं पाखरू दिसलं, माझं तोंड दिसलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "मेलं का वो? माझ्या हातून मेलं का पाखरू?"

"नाही आजोबा, लाकडाचं आहे ते."

त्यांना पटेना. कंडक्टर आला, शेजारच्या बाया वाकून पाहू लागल्या. म्हातारबाबा पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. शेवटी मी त्यांचा हात धरून पाखराच्या पोटावर ठेवला. "पाहा. गार आहे. कधीचंच मेलंय ते, तुम्ही-आम्ही जन्मायच्या कितीतरी आधी."

त्यांनी हात तसाच ठेवला. "मग तुम्ही रडून कशापायी राहिल्या?" त्यांनी विचारलं, आणि माझं रडणं हसण्यात गेलं.

मुखेड

संघमित्राच्या घरी तिच्या वडिलांनी दारात "जयभीम" म्हणून स्वागत केलं आणि पेटीची अवस्था पाहून काही न विचारता जेवणाचं टेबल रिकामं करून दिलं. ते पोस्टातून निवृत्त झालेले. टेबलाजवळचा दिवा आणला, जुनी चिमट्यांची डबी आणली, आणि मग दोन दिवस त्या खोलीत आम्हाला त्रास नको म्हणून त्यांनी टीव्हीही लावला नाही.

मणके फुटले होते आणि कातायला माझ्याकडे यंत्र नव्हतं. संघमित्राच्या आईने अंगणातल्या तुराट्या आणून दिल्या. तुरीच्या वाळलेल्या काड्या हलक्या आणि चिवट असतात. त्यांचे तुकडे करून कानशीने घासले, तापवलेल्या सुईने भोकं पाडली. इथल्या कोरड्या हवेत डिंक बघता बघता वाळायचा. मला एवढी घाई करायची सवयच नव्हती.

पिसांची अडचण मोठी होती. त्या पाखराचं एक जुनं पीस शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा ते काळं असल्याचं निघालं. म्हणून मी सगळी पिसं काळी लावली होती. संघमित्रा म्हणाली, "ताई, आता वेळ नाही. तपकिरी लावली तर कुणाला कळणार आहे?"

"मुलं रंग विचारतील."

"काळा म्हणून सांगू."

"आणि असेल तपकिरी?"

ती चपला घालून म्हणाली, "चला, आज बाजार आहे."

मुखेडच्या बाजारात कोंबड्यांच्या ओळीत आम्ही काळा कोंबडा शोधत फिरलो. शबानाबी नावाच्या बाईकडे एक मिळाला. टोपलीखाली ऐटीत बसलेला, पिसांवर हिरवी झाक.

"लेना है क्या?" त्यांनी विचारलं.

"कोंबडा नको, पिसं हवीत," संघमित्रा म्हणाली.

"पर?" शबानाबींनी आम्हाला नीट पाहून घेतलं. "पर कू क्या करते?"

मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "या अल्ला, दांत भी है इसकू! काटता क्या?"

संघमित्राने त्यांना सगळी हकिकत सांगितली. अंध मुलं, शाळा, मोडलेली शेपटी. शबानाबींनी ऐकून घेतलं, मग शेजारणीला हाक मारून दुकानाकडे बघायला सांगितलं आणि आम्हाला घरी घेऊन गेल्या. खुराड्याच्या मागे झाडून टाकलेली पिसं होती, त्यातली काळी त्या स्वतः वेचत बसल्या. मळकी बाजूला, स्वच्छ माझ्या पदरात. दोन पिसं मात्र शेपटीच्या लांबीची हवी होती. त्यांनी कोंबडा आणवला, काखेत धरला, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटल्या आणि झटकन उपटली. कोंबडा एकदाच ओरडला.

"बच्चों कू बोलो," त्या म्हणाल्या, "मुखेड का है."

लातूर

लातुरात शिरताना दुतर्फा क्लासेसचे फलक. डॉक्टरकीच्या परीक्षेत नंबर काढलेल्या मुलामुलींचे फोटो, बसपेक्षा मोठे चेहरे. आमच्या कोकणात एवढे मोठे फोटो फक्त निवडणुकीत लागतात. रस्त्यावर पाठीला दप्तर लावलेली परगावची पोरं मेसच्या डब्याची वाट पाहत उभी होती.

मिलिंद शाळेच्या फाटकात उभा होता. उंच, काटकुळा, बोलताना मान किंचित कललेली. मी फलकांबद्दल काही बोलले तर तो म्हणाला, "कुठून कुठून पोरं लातूरला सायन्स शिकायला येतात, ताई. आणि लातुरातल्याच माझ्या पोरांना सायन्स बंद. मला काय दिलं होतं सांगू? गाण्याची पेटी. आंधळा म्हटलं की पेटी. माझं गाणं एकदा ऐका, मग तुम्ही स्वतः मला प्रयोगशाळेत नेऊन सोडाल."

मग त्याचा आवाज उतरला. "ते येणार आहेत ना?"

"येतो म्हणालेत. पण ठरलंय म्हणालेत."

"हं," तो म्हणाला. "दाखवता का मला आधी? मुलं यायच्या आत. एकदाच."

रिकाम्या वर्गात मी पाखरू त्याच्या हातात दिलं. त्याने डोक्यापासून सुरुवात केली. चोच नाही, जबडा आहे हे कळल्यावर थबकला. दातांवरून नख फिरवलं. मान, पाठ, मग पंख. पंखावरची तीन बोटं सापडली तेव्हा त्याने ती आपल्या दोन बोटांत धरली, हात मिळवल्यासारखी. शेपटीच्या टोकाला पोचायला त्याला फार वेळ लागला. मी तिथून बाहेर जायला हवं होतं असं वाटलं, पण गेले नाही.

"असं होय," तो म्हणाला. इतकंच.

मुलं आली. मिलिंदने बेत नीट आखला होता. आधी जिवंत कोंबडी हाताळायची, मग पाखरू. कोंबडी स्वयंपाकाच्या मावशींनी आणलेली. ती पहिल्याच मुलाच्या हातातून सुटली आणि वर्गभर उडाली. मुलं आवाजावरून तिच्या मागे, मिलिंद बाकाला धडकला, संघमित्रा टेबलाखाली. शेवटी कोंबडी सापडली ती राधिकाला. ती जागची हललीच नव्हती. ऐकत थांबली होती, आणि कोंबडी जवळून गेली तेव्हा दोन्ही हातांनी अलगद धरली.

राधिका किरकोळ अंगाची, दोन वेण्या घातलेली. उजव्या तळहातावर जुना भाजल्याचा डाग होता. कोंबडीला पोटाशी घेऊन ती इतरांना सांगत होती, "घाबरू नका, तिचं काळीज लई जोरात उडतंय, आधी ते ऐका."

मग पाखरू फिरलं. एवढे प्रश्न मला आजवर कुठल्याही प्रदर्शनात कुणी विचारले नव्हते. गरम होतं का? अंगावर पिसं होती, म्हणजे बहुतेक असावं, मी म्हटलं. त्यावर मावशी आजारी मुलांसाठीची गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या, फडक्यात गुंडाळून पाखराच्या पोटाखाली ठेवली, आणि पुढच्या मुलांनी ते उबदारच हाताळलं. वास कसा होता? ठाऊक नाही. रंग? काळा, मी म्हटलं, आणि संघमित्राने माझ्याकडे पाहिलं. शेपटीची पिसं कुठली? मुखेडची, शबानाबींच्या कोंबड्याची.

"आवाज कसा होता?" मागून एकाने विचारलं.

ते कुणालाच ठाऊक नाही, मी सांगितलं. हाडं उरतात, पिसांचे ठसे उरतात, आवाज उरत नाही. आज गाणारी पाखरं गळ्यातल्या ज्या अवयवाने गातात, तो त्या काळी नसावाही. कदाचित मगरीसारखं तोंड मिटून नुसतं घुमत असेल.

मग एक मूल तोंड मिटून घुमलं. मग दुसरं. थोड्या वेळाने सगळा वर्ग घुमत होता, आणि डोळे मिटून मीही. मी स्वतः केलेलं ते पाखरू त्या घटकेला पहिल्यांदा मला जिवंत वाटलं.

डोळे उघडले तेव्हा दारात मारोतराव उभे होते, खांद्यावर गिरणीचा नवा पट्टा. कधी आले होते कोण जाणे. मी काही बोलणार तोच त्यांनी हाताने थांबवलं.

राधिकाच्या समोर आता दोन्ही होतं. डाव्या हाताशी पाखरू, मांडीत कोंबडी. ती एकाचा पंख चाचपायची, मग दुसरीचा. परत पहिल्याचा. बाकीची मुलं घुमण्यात दंग होती. तिचं कपाळ आक्रसलेलं. कोंबडीचा पंख तिने हलकेच ताणून धरला आणि वाकणाशी, पिसांच्या मुळांत, बोट खुपसलं.

"सर," ती म्हणाली. "सर, हिलाबी अंगठा हाय!"

"काय?" मिलिंद पुढे आला.

"हितं. पिसात लपलेला. हाडाचा हाय, हलतोय. ह्या पाखराची बोटं बाहेर हायेत, हिची आत गेलीत. सर, पंख म्हंजी हातच हाय!"

मिलिंदला पुस्तकातून हे माहीत असणार, मलाही होतं. पण कोंबडीच्या पंखात बोट घालून ते शोध असं तिला कुणीही सांगितलेलं नव्हतं. मिलिंदने तिच्या बोटामागून आपलं बोट नेलं. त्याला सापडलं.

"कुठं?" दारातून आवाज आला.

राधिकाची मान वळली. "पप्पा? कवा आलात?"

मारोतरावांनी पट्टा दाराशी टेकवला. येऊन तिच्यासमोर उकिडवे बसले. "कुठं हाय अंगठा? जल्मभर कोंबड्या पाळल्या, मला न्हाई दिसला."

"दिसत न्हाई तो, पप्पा. द्या हात."

तिने त्यांचं जाडं बोट आपल्या हातात घेतलं आणि पिसांतून आत नेलं. मारोतरावांच्या भुवयांत अजून पीठ होतं. त्यांची नजर कोंबडीवर नव्हती. मुलीच्या हाताकडे ते पाहत होते, त्या डागाकडे.

"लागला?"

"आरं," ते हळूच म्हणाले. "हाव की."

जेवणानंतर मी आवरत होते. पाखरू शाळेतच राहणार होतं, माझी पेटी रिकामी. संघमित्रा आणि मिलिंद मुख्याध्यापकांकडे गेलेले. मारोतराव वर्गात आले. राधिका त्यांचा दंड धरून मागे उभी होती.

"म्याडम, आता काय करून राहिल्या? म्हंजी, ह्याच्यामागं? काही काम घेतलंय का?"

"अजून नाही."

"न्हाई, मी सरला इचारलं आत्ता. अकरावीला जीवशास्त्रात काय काय असतंय म्हणून." ते घुटमळले. दुसरीकडे पाहत म्हणाले, "झुरळ असतंय म्हणं."

"असतं," मी म्हटलं.

"ते लई बारीक. पायबिय हाताला कसे कळणार?" त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, परत ठेवला. "तुम्ही मोठं करून द्याल का?"

राधिकाने त्यांचा दंड सोडला. ती अजिबात हलत नव्हती. दुपारी कोंबडीची चाहूल घेत थांबली होती, तशीच.

"देईन की," मी म्हटलं. "केवढं करू?"

मारोतरावांनी दोन्ही हात पुढे केले, त्यांच्यामधलं अंतर थोडं कमी केलं, मग पुन्हा वाढवलं. मग एकदम ध्यानात आल्यासारखं मुलीचे दोन्ही हात घेतले, हवेत एकमेकांसमोर धरले आणि म्हणाले, "बघ बाई, तूच सांग. एवढं पुरंल का?"